शून्य गुणांचं उत्तर

३ नोव्हेंबर, सोमवार

फाटकावरचा पहारेकरी "या मॅडम" म्हणाला आणि मी मागे वळून पाहिलं, कोण मॅडम आली म्हणून. तो हसला. मीही हसले. आमच्या घरात आजवर कुणाला कुणी मॅडम म्हटलेलं नाही. आम्ही मॅडम लोकांचे कपडे आणतो, इस्त्री करतो आणि परत नेऊन देतो.

संस्थेत एकेचाळीस बायका राहतात. कुणाची समज कमी, कुणाला बोलता येत नाही, कुणाला घरच्यांनी टाकलेलं. मोठ्या इस्पितळाच्या चादरी इथे धुवायला येतात. मागच्या मोकळ्या जागेत त्या एकदम शे-दोनशे वाळत असतात. वारा पडला की सगळ्या स्तब्ध. मागे कुणीतरी उभं आहे असं वाटत राहतं.

संस्थेच्या प्रमुखांना सगळे नुसतं डॉक्टर म्हणतात. त्यांनी मला रस्त्यापलीकडची नवी इमारत दाखवली. दोघींत एक खोली, प्रत्येक खोलीला खिडकी, कामाला मोबदला, दयेवर कुणी नाही. म्हणाले, "आदर्श समाज कसा असावा यावर लोक नुसते बोलत बसतात. आपण चोवीस जणींचा करून दाखवू." माझ्या अंगावर काटा आला. बाकीच्यांचं काय, हे विचारायचं राहिलं.

आई अजून माझ्याशी धड बोलत नाही. नोकरी कुठे लागली ते कळलं तेव्हा तिनं हातातली बादली खाली ठेवली. "सगळं जग पडलंय," म्हणाली, "तिथंच कशाला?" बाबा म्हणाले, "जाऊ दे तिला." दोघं एकमेकांकडे बघतही नव्हते.

५ नोव्हेंबर

बाकीच्या सतरा जणी मोठ्या सरकारी निवाऱ्यात जाणार आहेत. दिवसभराची वाट आहे म्हणे. तिथे सातशे माणसं आहेत. मला वाईट वाटलं. पण डॉक्टरांचं म्हणणं पटलं, की सगळ्यांना थोडं थोडं देऊन कुणाचंच भलं होत नाही.

कुणी राहायचं हे वशिल्यानं ठरू नये म्हणून कसोटी घ्यायची. ती मी तयार करायची! बाविसाव्या वर्षी!

दिवसभर विचार केला. आदर्श समाजाला माणसाकडून काय लागतं? तीन गोष्टी. एक, सुख: स्वतः समाधानी राहता येणं आणि दुसऱ्याला राहू देणं. दोन, निभाव: संकटात स्वतःचा जीव वाचवता येणं. तीन, बुद्धी: जे खरं आहे ते खरं म्हणून ओळखता येणं. प्रत्येकी दहा गुण. पंधराच्या खाली गेली ती राहणार नाही. डॉक्टर वाचून म्हणाले, "छान. स्वच्छ आहे."

धुलाईघर सांभाळणाऱ्या मावशींना दाखवलं. त्यांनी कागद उलटासुलटा केला आणि विचारलं, "आधी मला तपास गं. मी बसते का तुझ्या आदर्श समाजात?"

"मावशी, तुम्ही कर्मचारी आहात."

"बरं. मग हुशार-हुशार सगळ्या पलीकडे गेल्यावर चादरी कोण धुणार? की आदर्श समाजात चादरी मळत नाहीत?"

बाकीच्या बायका खो खो हसल्या. त्यातल्या निम्म्यांना विनोद कळला नसेल, पण हसल्या.

८ नोव्हेंबर

इथे एक बाई आहे, तिला सगळ्या ताई म्हणतात. साठीच्या बायकासुद्धा ताईच म्हणतात. ती असेल तीस-बत्तीसची. बोलणं तुटक, चालणं हळू. घड्या घालायचं काम तिचं. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे जुने डाग आहेत.

एकटीनं मोठ्या चादरीची घडी होत नाही. दुसरं टोक धरायला कुणीतरी लागतं. आज मी धरलं. ती म्हणाली, "काठ आत." मग दोनदा झटकलं, पुढे आली, तिच्या हातातली टोकं माझ्या हातात दिली. मी न सांगता पुढचं सगळं बरोबर केलं, कारण आमच्या घरी अशीच घडी घालतात. काठ आधी आत घ्यायचा, म्हणजे गठ्ठ्यात मळत नाही.

मावशी म्हणाल्या, "हिला इथं कुणी शिकवलेलं नाही. लहान असताना आली तीच हे घेऊन."

इस्त्रीच्या धंद्यात सगळीकडे हीच पद्धत असणार. संध्याकाळी बाबांना विचारलं. लहानपणापासून ते मला सांगत आलेत, की ही घडी आमच्या आजोबांनी काढली, दुसरीकडे कुठे मिळायची नाही. आज म्हणाले, "असेल. घालत असतील लोक."

माणूस वयानं नम्र होतो.

१४ नोव्हेंबर

सगळ्यांच्या नोंदी वाचून काढल्या. ताईची चार ओळींचीच आहे. 'मुलगी, वय अंदाजे नऊ. सकाळी फाटकाशी बसलेली आढळली. दोन्ही हात भाजलेले, पट्ट्या बांधलेल्या. नाव विचारल्यावर ताई असे म्हणते. नातेवाईक: कोणी नाही.' एकवीस वर्षांपूर्वीची तारीख. मी तेव्हा रांगत असेन.

राहून राहून एकच मनात येतं. पट्ट्या कुणी बांधल्या? नऊ वर्षांच्या पोरीला दोन्ही हातांना स्वतःच्या बांधता येणार नाहीत. म्हणजे ज्यानं पट्ट्या बांधल्या त्यानंच फाटकाशी बसवून दिलं? असली माणसं असतात तरी कशी! त्यांना घास गिळवतो कसा?

हे सगळं मी जेवताना तावातावानं घरी सांगितलं. बाबा ताटावरून उठले. आई म्हणाली, "थंडी असते का गं तिथं? पांघरूण पुरतं का त्यांना?"

"पुरतं."

"मारतात का?"

"आई, तुला काय वाटलं तुरुंग आहे?"

मला बरं वाटलं. माझ्या कामाबद्दल तिनं पहिल्यांदाच काही विचारलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज ताईची कसोटी झाली. मी पक्षपात करू नये म्हणून तिच्याकडे न बघता कागदाकडेच बघत होते. उत्तरं जशीच्या तशी इथे उतरवते, कारण गुणपत्रकात त्यांना जागा नाही.

सुखी आहेस का?

"चादर वाळली की."

आणखी काय हवंय?

"टोक धरायला कुणीतरी."

सुखाचे सात दिले.

घराला आग लागली तर आधी काय करशील? बरोबर उत्तर आहे, बाहेर पळेन किंवा कुणाला तरी बोलावेन. ती म्हणाली, "आत जाईन."

"आग लागल्यावर आत कशाला?"

"बाळ आहे."

"इथे कुठे बाळ आहे ताई?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मला उत्तर माहीत असूनही मी मुद्दाम विचारतेय असं तिला वाटलं असावं. शून्य दिलं. शेरा: 'धोक्याची जाणीव नाही.' निभावाचे एकूण तीन.

बुद्धीत एक प्रश्न आहे, तुझ्या घरी कोण कोण आहे? नोंदीशी ताडून गुण द्यायचे. ती म्हणाली, "आई, बाबा, बाळ." नोंदीत कोणी नाही. शून्य. शेरा: 'नसलेली माणसं आहेत असे मानते.' बुद्धीचे चार.

उठताना तिनं माझ्या पाठीवरची चुरगळलेली ओढणी सरळ केली. डाव्या खांद्याच्या मागे तिचा हात थोडा थांबला. तिथे मला जुना व्रण आहे. रांगत असताना कोळशाची इस्त्री कलंडली म्हणे. तेव्हापासून बाबा विजेचीच वापरतात. कपड्यावरून व्रण कळतो का? कळत नसावा.

२४ नोव्हेंबर

ताईला चौदा. एक कमी.

मावशी टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. "एक गुण? अगं भाजीवालासुद्धा वर मूठभर टाकतो."

"एकीला दिला तर दुसरीनं काय पाप केलं? मग कसोटी कशाला घ्यायची?"

"तेच विचारतेय मी. कशाला घेतलीस?"

मी रडले नाही. न्यायानं वागणं जड जातं, ते सहन करणं हाही न्यायाचाच भाग आहे असं मला वाटतं. चोवीस जणींचं आयुष्य उजळेल. यादीवर डॉक्टरांची सही झाली. सतरा जणींची गाडी एक तारखेला सकाळी निघेल.

घरी सांगितलं. आई म्हणाली, "सगळ्या एकदम नेणार?" आणि मग, "परत नाहीत ना येत त्या?"

घरात काहीतरी बिघडलंय. हे आजचं नाही, मला लहानपणापासून वाटतं. मी चार वर्षांची असताना आईला सांगितलं होतं, मागच्या दारात कुणीतरी उभं राहून मला बघतं, गाणं म्हणतं. तिनं फाडकन थोबाडीत दिली. तिनं मला मारल्याचं ते एकदाच. त्यानंतर मी कधी बोलले नाही. पण ते उभं राहणारं गेलं असंही मला कधी वाटलं नाही.

२६ नोव्हेंबर

पहारेकरी म्हणाला, दुपारी एक बाई मागच्या भिंतीशी आली होती, चादरी वाळतात तिथे. चेहरा झाकलेला. तासभर नुसती उभी. "कुणाला भेटायचंय" विचारलं तर निघून गेली. कुणाची तरी आई असणार. यादी लागल्यावर प्रेम आठवतं लोकांना.

मी घरी गेले तेव्हा आईच्या चपला धुऊन दारात वाळत घातल्या होत्या.

२७ नोव्हेंबर

आई आज स्वतःहून म्हणाली, "तुझ्या त्या यादीत, ती ताई म्हणतेस ती आहे का?"

मी हो म्हटलं. किती कमी पडले, का पडले, ते सांगितलं. प्रश्न, तिची उत्तरं, बरोबर उत्तरं. आग लागली तर ती आत जाईन म्हणते, हेही.

बाबा शर्टाला इस्त्री करत होते. त्यांनी इस्त्री उचलली ती उचललेलीच.

"आत कशाला म्हणाली?" आईनं विचारलं.

"बाळ आहे म्हणाली."

आई खाली बसली. खुर्ची नव्हती तिथे.

बाबा म्हणाले, "पुन्हा सांग. तिचे शब्द सांग. तुझे नको."

मी सांगितले. त्यांनी इस्त्री बंद केली, दुकानाचं दार ओढून घेतलं. उजेड असताना आमचं दुकान कधी बंद नसतं.

पुढचं मी आज लिहू शकत नाही.

२८ नोव्हेंबर

लिहायला हवं.

मी पहिली नाही. माझ्याआधी आठ वर्षं ती होती. उशिरा चालली, उशिरा बोलली. आजोबांनी तिला घडी शिकवली, ती तेवढी पटकन शिकली. मी झाल्यावर घरातले सगळे तिला ताई म्हणायला लागले. स्वतःच्या नावापेक्षा तिला तेच आवडायचं.

आम्ही तेव्हा दुसऱ्या गावी होतो. आईबाबा पुढे गिऱ्हाइकाशी बोलत होते. मागच्या खोलीत कपड्यांच्या गठ्ठ्यानं पेट घेतला. आईबाबा धावत आले तेव्हा मी तिच्या हातात होते आणि तिच्या मागे आग होती. माझा खांदा भाजलेला, तिचे हात भाजलेले.

"आम्हाला वाटलं तिनंच इस्त्री ओढली," बाबा म्हणाले. "सगळे म्हणाले, आज वाचली, पुन्हा वाचायची नाही लहान. एकीला तरी जगवा."

"तिला विचारलं नाहीत?"

"तिला काय विचारायचं, असं वाटायचं तेव्हा."

एकवीस वर्षांत तिला कुणी विचारलं नव्हतं. मी विचारलं. आणि शून्य दिलं.

आई फक्त एवढंच बोलली, की मीच नेऊन बसवलं. इथं बस, आलेच, असं सांगितलं. मी विचारलं, ती काही म्हणाली नाही? आई म्हणाली, "म्हणाली ना. बाळाकडे कोण बघतंय, म्हणाली."

२९ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी डॉक्टरांकडे गेले. सगळं सांगितलं. ते चांगले आहेत, त्यांना खरंच वाईट वाटलं. पण म्हणाले, "गुण आता बदलता येणार नाहीत. एकीचे बदलले तर बाकीच्या सोळा जणींनाही पुन्हा विचारावं लागेल."

"मग विचारू या."

"आणि त्याही बसल्या तर? जागा चोवीस आहेत." मग हळूच म्हणाले, "कसोटी उत्तम होती. तू मनाला लावून घेऊ नकोस."

एकच वाट उरली. आईवडिलांनी लेखी मागितलं तर तिला घरी सोडता येतं. पुरावा हवा. आमच्या कुटुंबाच्या एकाही कागदावर ती नाही. गाव बदललं तेव्हा मीच पहिली आणि एकटी झाले. राहिलं एकच, बाबांनी स्वतः लिहून द्यायचं, की मी माझी मुलगी टाकली.

बाबांना लिहिता येत नाही. आईलाही नाही. घरात लिहिता येणारी मी एकटी.

आम्ही इस्त्रीच्या टेबलाशी बसलो. "तू शिकलीस," बाबा म्हणाले, "तूच लिही."

मी लिहिलं, 'मी खाली अंगठा करणार.' तिथेच अडले. 'मी' म्हणजे बाबा, पण अक्षर माझं. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. मी माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला. मी शेजाऱ्यांना सांगितले की ती आजारानं. मी माझ्या धाकटीला कधीही. प्रत्येक वाक्यानंतर ते वाचून दाखवायला लावत होते. मी वाचत होते, मी माझ्या मुलीला टाकले.

"आई रडतेय, थांबू का?"

"नको. लिही." मग म्हणाले, "आता लिही, ती हुशार होती."

"तसा रकाना नाही बाबा. नाव, वय, नातं, कारण. एवढंच."

"मग बाजूला लिही. तिथं जागा दिसतेय."

मी कडेच्या मोकळ्या जागेत उभ्या ओळीत लिहिलं. ती हुशार होती. बाबांनी अंगठा नेमका त्या शब्दांखाली केला. चुकीची जागा होती. मी तसाच राहू दिला.

१ डिसेंबर, सोमवार

कागद चालला. चुकीच्या जागेच्या अंगठ्यासकट.

गाडी साडेआठला निघाली. सोळा जणी. मावशींनी प्रत्येकीला एकेक चादर दिली, संस्थेची, हिशेबात न धरता. काही हसत होत्या, त्यांना सहल वाटत होती. एक सारखी विचारत होती, "माझं काय चुकलं? सांगा ना, परत करते." माझ्याकडे बघून विचारत होती. गुणपत्रक माझ्याच अक्षरात आहे हे तिला कुणी सांगितलं असेल?

तिच्या उत्तरपत्रिकेवर माझी सहा शून्यं आहेत. शेरे आहेत. उत्तरं नाहीत. तिनं काय म्हटलं होतं ते मला आठवत नाही. फक्त ताईची उत्तरं मी घरी येऊन वहीत उतरवली होती.

गाडी गेल्यावर चादरींच्या रांगांमधून चालत आले. वारा अजिबात नव्हता. प्रत्येक चादरीमागे पाहिलं. उगाच.

मी राजीनामा दिला. मावशी म्हणाल्या, "आता राजीनामा देऊन कुणाचं पोट भरणार?" बरोबर होतं ते. तरी दिला.

बसमध्ये ताई खिडकीशी बसली. मी तिला सांगितलं, "ताई, मीच बाळ." तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि हसली, मोठ्या माणसानं थट्टा केल्यावर हसतात तसं.

"बाळ एवढंसं आहे," ती म्हणाली, आणि हातांनी माप दाखवलं.

२ डिसेंबर

काल दारात आई होती. ताईनं तिला लगेच ओळखलं. रागावली नाही, रडली नाही. "आलीस," म्हणाली, जणू उशीर आईला झाला होता. ते खरंच आहे.

मग ती आत गेली. आमच्या दोनच खोल्या. तिनं दोन्ही पाहिल्या. टेबलाखाली पाहिलं, गठ्ठ्यांच्या मागे पाहिलं, दाराच्या मागे पाहिलं. आई तिच्या मागे मागे फिरत होती आणि मी "काय शोधतेस" असं विचारू शकत नव्हते.

शेवटी तिनं बाबांना विचारलं, "बाळ झोपलंय?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आईनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

"हो," मी म्हटलं. "झोपलंय."

"मग हळू बोला ना," ताई म्हणाली.

तेव्हापासून आम्ही हळू बोलतोय. भांडी हळू ठेवतो. आज सकाळी ताईनं बाबांसमोर चादरीचं टोक धरलं, तेव्हा त्यांनी ती झटकली नाही, आवाज होतो म्हणून. मघाशी एक गिऱ्हाईक नेहमीसारखं ओरडतच आलं, "झाले का कपडे?" बाबांनी ओठांवर बोट ठेवलं. त्यानंही लगेच आवाज उतरवला आणि माझ्याकडे वाकून विचारलं, "कोण झोपलंय?"

मी आतल्या खोलीकडे बोट केलं.